गाणं किती ‘अंगावर येतं’, हे ओळखायचं कसं?

गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात डेसिबलचे आकडे ठरलेलेच. पुण्यात सीओईपीचे विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत मोजणी करतात. मग कुठल्या चौकात किती, गेल्या वर्षीपेक्षा वाढ की घट, यावर दोन दिवस चर्चा होते आणि विषय पुढच्या भाद्रपदापर्यंत मिटतो. या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: आकडा मोठा म्हणजे त्रास मोठा. रस्त्यावरच्या गोंगाटापुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण ज्यांना आवाज मुळातच सोसत नाही, त्यांच्याबाबतीत हा हिशेब जुळत नाही. मैदानातल्या ढोलपथकाचा सराव कठड्यावर बसून मजेत ऐकणारी मुलगी घरच्या आरतीत झांज वाजली की कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत पळते. मायग्रेनचा त्रास असलेला माणूस मैफलीत तीन तास निवांत बसतो आणि रिक्षातल्या एका गाण्याने त्याचं डोकं धरतं.

शाळेचं स्नेहसंमेलन, लग्नाचा हॉल, सोसायटीतला वाढदिवस. गाणी निवडायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं, त्याला हल्ली कधी ना कधी हा प्रश्न येतोच की हे गाणं कुणाला जास्त तर होणार नाही ना? त्यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘आवाज जरा कमी ठेवू’. ते अर्धंच उत्तर आहे. का, ते बघू.

‘आवाज सोसत नाही’ म्हणजे नक्की काय होतं?

तक्रार एकच वाटली तरी तिच्यामागे वेगवेगळी कारणं असतात. काहींना भांडी, मिक्सर, बाकं सरकवण्याचे रोजचे आवाज इतरांपेक्षा कितीतरी मोठे वाटतात, कधी कानात अक्षरशः दुखतं. याला हायपरअक्युसिस म्हणतात. गंमत अशी की अशा माणसाची ऐकण्याची चाचणी अगदी नॉर्मल येऊ शकते, आणि मग ‘काही झालेलं नाही’ म्हणून त्याला घरी पाठवलं जातं. मिसोफोनियाची गोष्ट वेगळी. तिथे आवाज मोठा असण्याचा संबंधच नसतो. चघळणं, नाक ओढणं, पेन टकटक करणं असे ठरावीक आवाज ऐकले की संताप किंवा घालमेल होते. मायक्रोफोन ओठांना चिकटवून गायलेल्या, प्रत्येक श्वास आणि तोंडातली चिकचिक ऐकू येणाऱ्या ‘शांत’ गाण्याने अशा माणसाला जो त्रास होईल, तो बँडबाजानेही होणार नाही.

स्वमग्न मुलांच्या बाबतीत आवाज, स्पर्श, उजेड यांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतल्या निकषांपैकी एक आहे. मायग्रेनच्या निकषांतही उजेड आणि आवाज सहन न होणं आहेच. आणि घरातल्या आजोबांना विसरू नका. हळू बोललं तर ‘काय म्हणालास?’ आणि जरा जोरात बोललं की ‘ओरडतोस कशाला, बहिरा नाहीये मी!’ हा त्यांचा हट्ट नाही. वयाबरोबर आतल्या कानातल्या पेशी निकामी झाल्या की हळू आवाज ऐकूच येत नाहीत, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच मोठे राहतात. मधली सगळी जागा आकसते. त्यामुळे ऐकू आलं आणि नकोसं झालं, यात फारसं अंतर उरत नाही.

डेसिबल काय सांगतो आणि काय सांगत नाही

डेसिबल हे आवाजाच्या दाबाचं माप. त्याची मोजपट्टी साधी नाही: १० डेसिबल वाढले की ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ७० वरून ८० हा प्रवास दिसतो तेवढा किरकोळ नाही.

पण कान उंच आणि खालच्या सगळ्या सुरांना सारखं वागवत नाही. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की दाब तोच ठेवला तरी खर्जातला सूर हळू वाटतो आणि ३,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपासचा सूर मोठा. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. कानाची नळी याच भागातले सूर वाढवून आत पाठवते. बाळाच्या रडण्याची धारही याच टापूत बरीच असते आणि झांजेचीही.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. गाण्याचा आवाज कमी केला की आधी खर्ज नाहीसा होतो. मधल्या-वरच्या पट्टीतला कर्कशपणा त्या मानाने टिकून राहतो. ‘आवाज कमी ठेवू’ या उपायाने ढोलाचा घुमारा गेला, पण ताशाची तडतड तशीच राहिली, असं होतं ते यामुळे. फोनचा इवलासा स्पीकर तर खर्ज जवळजवळ सोडूनच देतो, म्हणून चांगल्या स्पीकरवर भरदार वाटणारं गाणं फोनवर टोचतं. उलट बाजूने, कायद्यात जी मोजणी चालते ती ‘डीबी-ए’ या मोजपट्टीवर, आणि ही मोजपट्टी खर्जाला फार कमी मोजते. खिडकीच्या काचा थरथरतात, छातीत धडधडतं, आणि यंत्रावरचा आकडा त्या मानाने सोज्वळ दिसतो. डीजेच्या भिंतीजवळ राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

आणखी एक: बातमीतला आकडा अनेकदा काही वेळाची सरासरी असते. एसटीने घाटातून गेलात तर काटा ताशी ३० दाखवत असतो आणि पोटातलं सगळं वर येतं. द्रुतगती मार्गावर ८० ला झोप लागते. अंग आंबतं ते वेगाने नाही, धक्क्यांनी आणि वळणांनी. गाण्याचंही तसंच आहे, आणि सरासरीत धक्के दिसत नाहीत.

अंगावर येतं ते काय?

पहिला मान धक्क्याचा. आवाज शून्यातून एकदम उसळला की माणूस दचकतो. ही मेंदूच्या बुंध्यातली प्रतिक्रिया आहे, विचार करून होत नाही. कानात बचावाची एक सोय असते. मोठा आवाज आला की स्टेपेडियस नावाचा चिमुकला स्नायू आखडतो आणि आत जाणारा आवाज थोडा दाबतो. पण याला सेकंदाचा काही शतांश ते दशांश भाग लागतो आणि तो मुख्यतः खालच्या पट्टीतले आवाज दाबतो. अचानक आणि तीक्ष्ण अशा आवाजापुढे हा पहारेकरी उशिरा पोचतो आणि पोचून फारसं काही करतही नाही.

धक्क्याचा एक फसवा प्रकार नाचाच्या गाण्यांत असतो. संगीत बनवणारे त्याला ‘रायझर’ आणि ‘ड्रॉप’ म्हणतात. आवाज चढत चढत जातो, मग अर्धा क्षण सगळं गप्प आणि धाडकन सगळी वाद्यं एकत्र. चढत जाणारा आवाज तेवढ्याच उतरणाऱ्या आवाजापेक्षा जास्त बदलल्यासारखा वाटतो, हे १९९८ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. जवळ येणाऱ्या गोष्टीबद्दल सावध राहणं जिवाला सोयीचं, असं त्यामागचं कारण मानतात. नाचणाऱ्याला यातच मजा येते. हळव्या कानाच्या माणसाला मात्र तो अर्धा क्षण सगळ्यात वाईट असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे धार: गाण्यातला किती आवाज वरच्या पट्टीत गोळा झालाय. झांज, ताशा, पिपाणी, ‘स’ आणि ‘श’ला शिट्टी मारणारा गळा. तिसरी खरखर. दोन सूर फार जवळ असले की त्यांचा एकत्र आवाज भराभर मोठा-लहान होतो. असा चढउतार सेकंदाला ३० ते १५० वेळा झाला की कानाला खडबडीत लागते. २०१५ मध्ये काही मेंदूशास्त्रज्ञांनी माणसाच्या किंकाळ्या तपासल्या, तेव्हा बोलण्यात आणि गाण्यात सहसा न आढळणारी नेमकी हीच खरखर किंकाळीत भरपूर सापडली. फाटलेल्या आवाजातलं गिटार, मुद्दाम चिरकवलेला गळा, कारचा हॉर्न हे सगळे त्याच टापूत शिरतात. धार आणि खरखर मोजायची शास्त्रीय एककंही आहेत, जर्मन ध्वनितज्ज्ञ एबरहार्ड त्स्विकर यांनी त्या विषयात मोठं काम केलं. पण तुमच्या-माझ्या फोनवर ती दिसत नाहीत.

चौथी दाटी. एका वेळी किती थर वाजतायत, आणि श्वास घ्यायला जागा आहे का. हल्लीची बरीच गाणी बनवताना हळू भाग वर उचलून आणि मोठे भाग दाबून सगळं एका उंचीवर आणलेलं असतं. अशा गाण्यात दचकायला होत नाही, पण विसावाही मिळत नाही. इथे माणसामाणसातला फरक कळीचा ठरतो. मायग्रेनवाल्याला अशी अखंड भिंत थकवते. दचकणाऱ्या मुलाला मात्र तीच भिंत चालून जाते, कारण पुढे काय येणार ते त्याला ठाऊक असतं. त्याला नाजूक सुरुवात करून मध्येच आदळणारं ‘सुंदर’ गाणं नको असतं.

आरती जवळून ऐका

दहा बाय बाराची खोली, खाली फरशी, भिंतींना ऑइलपेंट, पडदे बाजूला सारलेले. आठ-दहा माणसं गातायत, त्यांचा आवाज एकूण मध्यम. कुणीतरी घंटा वाजवतंय आणि दोन झांजा, त्यातली एक बारा वर्षांच्या उत्साही मुलाच्या हातात. झांज पितळेची; आदळली की त्याच क्षणी पूर्ण जोरात बोलते, म्हणजे धक्का. बराचसा आवाज वरच्या पट्टीत, म्हणजे धार. तिचे स्वर एकमेकांशी सुरेल नात्यात नसतात, दोन झांजा दोन दुकानांतल्या, म्हणजे खरखर. फरशी आणि भिंती काहीच शोषून घेत नाहीत, त्यामुळे एक ठोका विरायच्या आत दुसरा, म्हणजे दाटी. आणि मुलाचा ठेका धावतो, त्यामुळे पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाज नाही. चारही गोष्टी एका वाद्यात, हातभर अंतरावर.

मैदानातला ढोल याच्या शंभरपट ताकदीचा असेल, पण उघड्यावर आवाज पसरतो: लहान उगम धरला तर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात. ढोलाचा मुख्य आवाज खर्जातला, ठेका ठरलेला. आणि सुरुवातीला सांगितलेली ती मुलगी तिथून कधीही उठून जाऊ शकते. आरतीतून ‘प्रसाद मिळेपर्यंत’ उठता येत नाही.

शेवटचा मुद्दा मला बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. ओळखीचं गाणं, हातात रिमोट, दार उघडं, एवढं असलं की तेच डेसिबल बरेच सुसह्य होतात. ख्यालाच्या मैफलीत तबलजी तिहाई घेतो, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येतो, तेव्हा जाणत्या श्रोत्याला सम कुठे येणार ते आधीच कळतं, आणि ती कितीही जोरात आली तरी तो दचकत नाही, मान डोलावतो.

ॲपवाले गाण्याला मार्क देतातच की!

देतात. स्पॉटिफाय प्रत्येक गाण्याला ‘एनर्जी’ नावाचा ० ते १ मधला आकडा देते. आवाजाची जाणवणारी पातळी, चढउतार, वाद्यांचा पोत, किती झपाट्याने नवे नवे स्वर सुरू होतात, अशा गोष्टींवरून तो काढतात. डेथ मेटलला तो जास्त आणि बाखच्या प्रिल्यूडला कमी, असं कंपनीनेच उदाहरण दिलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेरच्या नव्या ॲप्सना हे आकडे देणं कंपनीने बंद केलं, त्यामुळे त्यावर आधारलेली छोटी-छोटी साधनं अडली.

मला त्याचं फार वाईट वाटत नाही. व्यायामाला कुठलं गाणं आणि झोपताना कुठलं, एवढ्यासाठी तो आकडा ठीक आहे. पण अख्ख्या गाण्याला एकच आकडा म्हटल्यावर साडेतीन मिनिटं शांत आणि मध्ये एक धडाका, हे त्यातून कळणार कसं? हळव्या कानाच्या माणसाला तर नेमकं तेच हवं असतं.

या ॲप्सची दुसरी सोय म्हणजे सगळी गाणी एका पातळीला आणणं. त्यासाठी ‘एलयूएफएस’ हे माप वापरतात. कानाच्या संवेदनेला धरून काढलेली गाण्याची सरासरी पातळी, असं ते समजा. स्पॉटिफायचं नेहमीचं लक्ष्य उणे १४. यूट्यूबवर संगणकावर व्हिडिओवर उजवी क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडलं की त्या गाण्याची पातळी ठरलेल्या पातळीपेक्षा किती वर-खाली आहे तेही दिसतं. उपयोगी आहे, पण पुन्हा सरासरीच. आणि दोन गाण्यांच्या मध्ये येणाऱ्या जाहिरातीचं काय? हळुवार अंगाईनंतर एकदम ‘फक्त आजचा दिवस!’ आलं की सगळी मेहनत पाण्यात. कार्यक्रमात लावायची गाणी आधी उतरवून ठेवा आणि इंटरनेट बंद करा, हा या लेखातला सगळ्यात स्वस्त सल्ला.

मग पारखायचं कसं?

एकूण मार्क देण्याचा मोह टाळायचा आणि गाण्याचा नकाशा काढायचा. कार्यक्रमात जो स्पीकर असेल तोच शक्यतो घ्या. गायकाचा आवाज समोर बसून बोलणाऱ्या माणसाइतका वाटेल तिथे बटण ठेवा आणि नंतर हात लावू नका. नाहीतर एक गाणं मोठं ऐकायचं, दुसरं हळू, आणि तुलना गाण्यांची करायची, असं होतं. पहिल्यांदा ऐकताना दुसरं काही करू नका. कुठे नकळत खांदे वर गेले, भुवया आवळल्या, त्या वेळा टिपा. गाणं पाठ झालेल्या माणसाने हे काम करू नये. त्याला धक्के जाणवतच नाहीत.

मग डोळ्यांनी बघा. ऑडॅसिटी हा फुकट प्रोग्रॅम गाण्याची आकृती दाखवतो. बारीक पट्टीतून अचानक जाड उसळी दिसली की तो धक्का. पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत सपाट जाड पट्टा म्हणजे दाटी. त्यातलाच स्पेक्ट्रोग्रॅम, म्हणजे कुठल्या क्षणी कुठल्या पट्टीत किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र, उघडला तर वरच्या पट्टीत कुठे उजळ दिसतं तेही कळतं, ती धार. खरखरीला मात्र कानच लागतो.

नकाशा असा होतो: ‘सुरुवात फक्त पेटीने, हळू. ०:४८ ला ढोलकी, आधी सूचना नाही. १:३० ते २:०५ कोरस आणि झांज एकत्र, तीक्ष्ण. २:०५ नंतर एकट्या गायिकेचा आवाज. ३:४० ला तुटक शेवट, त्यावर शिट्ट्या.’ हे वाचून मायग्रेनवाला ठरवेल की १:३० ला बाहेर जाऊन यावं. स्वमग्न मुलाची आई त्याला ०:४८ आधी हाताने खूण करेल. ‘तीव्रता ७/१०’ वाचून दोघांनाही काहीच करता आलं नसतं.

नकाशा काढून झाला की जागा बघा. स्नेहसंमेलनात सगळ्यात लहान मुलं सतरंजीवर पहिल्या रांगेत बसवतात, आणि मंचाचे दोन्ही स्पीकर बरोब्बर त्यांच्या डोक्याच्या उंचीवर असतात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तासांपर्यंत ८० डेसिबल सुरक्षित धरलेत, मुलांसाठी ७५. स्पीकर उंच करून मागच्या रांगांकडे वळवणं आणि बालवाडी बाजूला बसवणं, एवढ्याने बराच फरक पडतो.

‘हे ज्याच्या त्याच्यावर आहे. मग मोजायचं कशाला?’

त्रास कुणाला किती होईल ते ज्याच्या त्याच्यावर आहे, पण ०:४८ ला ढोलकी सुरू होते ती सगळ्यांसाठीच. म्हणूनच गाण्यात काय आहे तेवढं आपण लिहायचं. ते झेपेल का, हे ऐकणारा ठरवेल. त्याच्या वतीने ‘तुला चालेल रे हे’ म्हणणं सोडलं पाहिजे. नातेवाइकांना हे जड जातं.

‘मग काय, दिवसभर बासरीच लावायची?’

बासरी सगळ्यांना चालते हाही एक समज. वरच्या सप्तकातली लांब फुंक कुणाला टोचते, तर कुणाला पोवाड्याचा डफ शांत करतो, कारण तो ठेक्यात राहतो. गाण्यावर बंदी घालायची गरज नसतेच. दोन मोठ्या गाण्यांमध्ये चार मिनिटांची उसंत, सुरुवात चढवत नेणं, बाहेर एक शांत खोली आणि ती कुठे आहे हे आधीच सांगणं, एवढ्यावर बहुतेक कार्यक्रम निभावतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम वेगळे: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. ते सगळ्यांसाठी आहेत आणि पाळायचेच आहेत. पण ते पाळले म्हणून गाणं कुणाच्या अंगावर येणार नाही, असं नाही.

‘सवय केली की जाईल ना?’

यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो सल्ला जास्त धोक्याचा. सतत कानात बोळे घालून बसणं खरंच उलटतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ज्यांनी दोन आठवडे बोळे वापरले, त्यांना त्यानंतर आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले, आणि ज्यांना त्या काळात सौम्य खर्रर आवाज सतत ऐकवला, त्यांची सहनशक्ती वाढली. म्हणजे मेंदू आवाजाचं बटण वर-खाली करतो. पण त्या प्रयोगातला आवाज सौम्य होता. रडणाऱ्या मुलाला धरून फटाक्यांसमोर उभं करणं याला सवय लावणं म्हणत नाहीत. त्यातून फक्त भीती पक्की होते.

हायपरअक्युसिससाठी याच तत्त्वावर आवाजाचे उपचार असतात, सोबत समुपदेशनही. ते ऑडिऑलॉजिस्टच्या, म्हणजे श्रवणतज्ज्ञाच्या, देखरेखीखाली करायचे असतात. मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागातही विचारता येतं. बोळे विकत घेतलेत तर फेकू नका. लग्नाच्या हॉलमध्ये, विसर्जनाच्या रस्त्यावर ते घालाच, घरी आल्यावर काढा. आणि आवाज अचानक, एकाच कानात असह्य व्हायला लागला, सोबत ऐकू कमी येतंय किंवा चक्कर येतेय, तर गाण्यांची यादी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.